डॉसमधले टीएसआर मेमरीतून कसे उतरवायचे, आणि ते का अडतात

जुन्या पीसीवर डॉस चालवायला घेतलं की माउस, सीडी, नेटवर्क, कीबोर्डची भाषा, डिस्कची कॅश असं एकेक लोड होत जातं. मग एखादा मोठा प्रोग्रॅम मेमरी पुरत नाही म्हणून चालूच होत नाही. मशिनमध्ये १६ मेगाबाइट रॅम असली तरी बहुतेक डॉस प्रोग्रॅमांना लागते ती पहिल्या ६४० किलोबाइटमधली जागा, आणि टीएसआर नेमके तिथेच बसलेले असतात. टीएसआर म्हणजे काम संपल्यावरही मेमरी न सोडणारा, पडद्यामागे जागा राहणारा प्रोग्रॅम.

नवख्याला वाटतं की तो लोड झाला तसाच उतरवताही येईल. डॉसमध्ये लोड करायची सोय आहे, उतरवायची नाही. 'मी संपलो, पण माझी जागा ठेवा' असं सांगणारं फंक्शन (इंटरप्ट २१एच, फंक्शन ३१एच; इंटरप्ट म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम थांबवून दुसऱ्या कामाकडे वळवणारी हाक) डॉस २.० पासून म्हणजे १९८३ पासून आहे, पण 'आता त्याला काढा' असं सांगणारी आज्ञा एमएस-डॉसच्या कुठल्याच आवृत्तीत आली नाही. उतरणं प्रत्येक प्रोग्रॅमने स्वतःचं स्वतः बघायचं, आणि ते जमेल की नाही हे बरंचसं लोड करतानाच ठरलेलं असतं.

दोन सूचना. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच करा. आणि आकड्यामागे 'एच' असेल तर तो आकडा षोडशमान पद्धतीतला समजा.

काय लागेल

- बूट होणारी एक फ्लॉपी, जिच्यात ऑटोएक्झेक.बॅट आणि कॉन्फिग.सिस (बूट होताना डॉस वाचतं त्या दोन फाइली) नाहीत किंवा अगदी मोकळ्या आहेत
- मेम आणि डीबग (दोन्ही एमएस-डॉस ५ आणि ६ सोबत येतात)
- एडिट किंवा कुठलाही साधा टेक्स्ट एडिटर
- टर्बोपॉवरच्या टीएसआर युटिलिटी: मार्क, रिलीज, एफमार्क, मॅपमेम, मार्कनेट, रेलनेट
- कागद आणि पेन, लोड होण्याचा क्रम लिहायला

१. आधी काय बसलंय ते बघा

मेम /सी दिलं की कोणी किती जागा घेतली ते कळतं. यादी लांबली तर 'मेम /सी | मोअर' द्या. /पी वापरताना जपा: डॉस ५ मध्ये तो प्रोग्रॅमांची यादी देतो, डॉस ६ मध्ये तोच पानापानाने थांबण्यासाठी आहे.

पुढच्या पायऱ्यांसाठी मेम /डी हवं, कारण त्यात प्रत्येक तुकड्याचा सेगमेंट पत्ता (१६-१६ बाइटच्या पायऱ्यांनी मोजलेली मेमरीतली जागा) दिसतो. हे पत्ते लिहून घ्या. पण पत्त्यांचा क्रम म्हणजे लोड होण्याचा क्रम नव्हे. लोडहाय वापरून वरच्या मेमरीत (६४० किलोबाइट ते १ मेगाबाइटच्या पट्ट्यात) चढवलेला प्रोग्रॅम आधी लोड झालेला असूनही यादीत खाली दिसतो. खरा क्रम ऑटोएक्झेक.बॅट ओळीओळीने वाचूनच कागदावर उतरवा.

२. तो कुठून लोड झाला ते शोधा

कॉन्फिग.सिसमध्ये 'डिव्हाइस=' किंवा 'डिव्हाइसहाय=' ने आलेला असेल तर तो ड्रायव्हर आहे. डॉस त्याला स्वतःच्या साखळीत गुंफतं, आणि तो रीबूटशिवाय हलत नाही असंच धरून चाला. हिमेम, ईएमएम३८६ (दोन्ही मेमरी सांभाळणारे), अँसी.सिस, माउस.सिस सगळे यातले. म्हणून एकाच कामासाठी .सिस आणि .कॉम असे दोन पर्याय असतील तर .कॉम घ्या. माउस.सिस काढता येत नाही, पण माउस.कॉम 'माउस ऑफ' म्हटल्यावर उतरतो.

डॉस ४ पासून कॉन्फिग.सिसमध्ये 'इन्स्टॉल=' ही ओळही चालते. तिने आलेला प्रोग्रॅम टीएसआरच असतो, पण कमांड.कॉमच्याही आधी बसतो. त्याला काढलं तरी त्याची जागा सगळ्यांच्या खाली रिकामी पडते आणि मोठ्या प्रोग्रॅमच्या कामाची राहत नाही.

३. त्याचा स्वतःचा स्विच वापरून बघा

बहुतेक ठिकाणी /यू असतो, नसेल तर प्रोग्रॅमच्या नावापुढे /? द्या. नेहमी भेटणाऱ्यांपैकी:

उतरतात: सीटीमाउस /यू, व्हीसेफ /यू, अनडिलीट /यू, डॉस ५ चा मिरर /यू, सीडीसाठी एसएचएसयूसीडीएक्स /यू, फ्रीडॉसचा कीब /यू. 'क्रिनवर' नावाच्या संग्रहातले नेटवर्क कार्डाचे पॅकेट ड्रायव्हर टर्मिन या छोट्या प्रोग्रॅमने उतरतात, त्याला ड्रायव्हरचा इंटरप्ट क्रमांक द्यावा लागतो: 'टर्मिन ०एक्स६०'.

उतरत नाहीत: एमएससीडीएक्स (सीडीसाठी), स्मार्टड्राइव्ह (डिस्कची कॅश), एमएस-डॉसचे शेअर, कीब, ग्राफिक्स, प्रिंट, फास्टओपन आणि डॉसकी. डॉसकीचा /रीइन्स्टॉल बघून फसू नका. त्याने नवी प्रत चढते, जुनी उतरत नाही, म्हणजे मेमरी उलट जास्त जाते. प्रिंट /टी ने छपाईची रांग रिकामी होते, प्रोग्रॅम जागचा हलत नाही.

यातल्या काहींना निदान गप्प बसवता येतं. एमएस-डॉसच्या कीबला कंट्रोल+ऑल्ट+एफ१ दाबून मूळ अमेरिकन मांडणीवर आणता येतं (एफ२ ने परत), आणि 'स्मार्टड्राइव्ह सी-' ने सी ड्राइव्हची कॅश बंद होते. जागा सुटत नाही, पण तक्रार मेमरीची नसून भांडणाची असेल तर एवढ्यावर काम भागतं.

'इन्स्टॉल झालेला नाही' असा निरोप आला, पण मेममध्ये नाव दिसतंय? मग बहुधा तुम्ही वेगळ्या आवृत्तीची फाइल चालवताय. दुसऱ्यांदा चालवलेली प्रत इंटरप्ट २एफएच वरून 'माझा कोणी भाऊबंद आत आहे का' असं विचारते आणि उत्तराची खूण जुळली तरच पुढे जाते. ज्या फोल्डरमधून लोड केला त्याच फाइलने उतरवा.

४. उलट्या क्रमाने उतरवा

हा नियम सगळीकडे सांगितला जातो, कारण क्वचितच. ते कळलं तर पुढचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

मेमरीच्या अगदी सुरुवातीला १०२४ बाइटचं एक टेबल आहे. त्यात २५६ पत्ते, प्रत्येकी ४ बाइटचे. कळ दाबली की प्रोसेसर इंटरप्ट ०९एच च्या रकान्यात बघतो आणि तिथे लिहिलेल्या पत्त्यावर उडी मारतो. टायमरसाठी ०८एच, डिस्कसाठी १३एच, डॉसच्या सेवांसाठी २१एच. टीएसआर लोड होताना हव्या त्या रकान्यातला जुना पत्ता स्वतःजवळ लिहून ठेवतो आणि रकान्यात आपला पत्ता टाकतो.

आता समजा आधी 'क' लोड झाला, मग 'ख', आणि दोघांनाही कीबोर्ड हवाय. 'क' जवळ बायॉसचा (मशिनच्या चिपमधल्या मूळ प्रोग्रॅमचा) पत्ता आहे, 'ख' जवळ 'क' चा, आणि टेबलात 'ख' चा. कळ दाबली की ख, क, बायॉस अशी साखळी चालते. या अवस्थेत 'क' ला काढायचं म्हटलं तर दोनच सरळ रस्ते दिसतात आणि दोन्ही चुकीचे.

पहिला: 'क' ने टेबलात बायॉसचा पत्ता परत लिहायचा. मग 'ख' साखळीबाहेर पडतो, मेमरीत असतो पण त्याला कळ ऐकूच येत नाही. पुढे 'ख' उतरवायला गेलात आणि तो निष्काळजीपणे लिहिलेला असेल, तर तो टेबलात 'क' चा पत्ता टाकून जातो, जिथे आता 'क' नाहीच.

दुसरा: टेबलाला हात न लावता फक्त जागा सोडायची. 'ख' अजूनही 'क' च्या पत्त्यावरच उडी मारतो. तिथे नवा प्रोग्रॅम येऊन बसेपर्यंत सगळं ठीक दिसतं, कारण सोडलेल्या जागेतला जुना कोड लगेच पुसला जात नाही. मग पुढचा मोठा प्रोग्रॅम चढतो आणि पहिल्या कळीला मशिन गोठतं. दोष त्या नव्या प्रोग्रॅमला दिला जातो, आणि हीच या प्रकाराची सगळ्यात वाईट बाजू.

खरी सोय एकच होती: 'ख' च्या पोटात लिहून ठेवलेला 'क' चा पत्ता बदलायचा. पण तो 'ख' ने कुठे ठेवलाय हे 'क' ला कळायचा मार्ग नाही. म्हणून शहाणा टीएसआर आपले सगळे रकाने तपासतो, एकातही परका पत्ता दिसला तर उतरायला नकार देतो. 'सगळे' हा शब्द महत्त्वाचा. एखादा प्रोग्रॅम ०९, १६, २१ आणि २एफ असे चार रकाने धरून असेल आणि नंतर आलेल्या चिमुकल्या प्रोग्रॅमने त्यातला फक्त २एफ धरला असेल, तरी पहिल्याचं उतरणं अडतं.

म्हणून शेवटचा आधी. नेटवेअरच्या ओडीआय या नेटवर्क ड्रायव्हरांच्या संचात हे अगदी उघड दिसतं. लोड करताना एलएसएल, मग कार्डाचा ड्रायव्हर (समजा एनई२०००), मग आयपीएक्सओडीआय, शेवटी व्हीएलएम. उतरवताना:

व्हीएलएम /यू
आयपीएक्सओडीआय /यू
एनई२००० /यू
एलएसएल /यू

यांच्या मधे कधीतरी चढवलेला एखादा कॅलेंडर-छाप प्रोग्रॅम राहिला असेल तर तो आधी काढा.

काही प्रोग्रॅम शेवटी राहण्याचा हट्ट धरतात. १९८४ चा साइडकिक त्यातला प्रसिद्ध: त्याला सगळ्यांच्या शेवटीच लोड करावं लागे. असा प्रोग्रॅम असेल तर तो शेवटी चढवा आणि पहिल्यांदा उतरवा.

५. नकार आला तर आड कोण आलंय ते शोधा

डीबग चालवा. त्याची खूण म्हणून एक आडवी रेघ येईल. कीबोर्डचा रकाना बघायला:

डी ०:२४ एल ४

९ गुणिले ४ म्हणजे ३६, षोडशमानात २४. याच हिशेबाने २१एच चा रकाना ०:८४ वर, आणि २एफएच चा ०:बीसी वर. चार बाइट उलट्या क्रमाने येतात. '५ए ०१ ३सी १२' दिसलं तर पत्ता १२३सी:०१५ए असा वाचायचा. डीबगमधून बाहेर पडायला क्यू. ई आणि डब्ल्यू या आज्ञांच्या वाटेला जाऊ नका. पहिली मेमरीत लिहिते, दुसरी डिस्कवर.

मिळालेला सेगमेंट (इथे १२३सी) मेम /डी च्या यादीशी ताडा. त्याच्याइतका किंवा त्याहून लहान, पण सगळ्यात जवळचा पत्ता ज्याचा, तो रकान्याचा आत्ताचा मालक. एका अंकाचा फरक दिसला तर गोंधळू नका: प्रत्येक तुकड्याआधी डॉस १६ बाइटची एक नोंद ठेवतं, म्हणजे सेगमेंट पत्त्यात बरोबर एकाचा फरक. एफ००० पासून सुरू होणारा पत्ता बायॉसचा, सी००० वाला बहुधा व्हिडिओ कार्डाचा.

या पद्धतीने साखळीतला फक्त सगळ्यात वरचा दिसतो. त्याला उतरवा, पुन्हा बघा, असं एकेक करत जावं लागतं. त्याला उतरण्याची सोय नसेल, तर खालच्यांचा मार्ग तिथेच संपला.

६. मार्क आणि रिलीज

ज्यांना /यू नाही त्यांच्यासाठी हा उपाय. 'मार्क' स्वतः एक टीएसआर आहे. तो इंटरप्टच्या अख्ख्या टेबलाची प्रत काढून ठेवतो. त्यानंतर तुम्ही काहीही चढवा. 'रिलीज' म्हटलं की टेबल जसंच्या तसं परत लिहिलं जातं आणि मार्कनंतर आलेल्या सगळ्यांची जागा सोडली जाते. एकेकाची परवानगी विचारली जात नाही, म्हणून नकारही येत नाही.

क्रम असा:

मार्क नेट
(नको तेव्हा काढायचे ते टीएसआर इथे चढवा)
रिलीज नेट

मार्क आधीच बसवलेला असावा लागतो. चुकलेल्या टीएसआरला मागाहून मार्क लावता येत नाही. नावं द्या, कारण नाव न देता रिलीज म्हटलं तर शेवटचा मार्क सुटतो, आणि खालच्या मार्कचं नाव घेतलं तर त्याच्यावरचे सगळे एकदम जातात. मधला एकच काढणं इथेही शक्य नाही. टेबलाची प्रत मेमरीत ठेवायची म्हणून मार्क एक किलोबाइटहून जास्त जागा खातो. ती वाचवायची असेल तर एफमार्क घ्या, तो प्रत डिस्कवरच्या फाइलमध्ये ठेवतो आणि मेमरीत नावापुरताच उरतो. ती फाइल मधेच पुसली तर रिलीज होणार नाही, हे सांगायला नको.

नुसत्या डॉस प्रॉम्प्टवर असतानाच रिलीज करा. एखाद्या वर्डप्रोसेसरमधून तात्पुरतं डॉसच्या प्रॉम्प्टवर आला असाल तर तो वर्डप्रोसेसरही मार्कच्या वरच बसलेला आहे, आणि रिलीज त्याच्याच पायाखालची जागा काढेल. तशा अवस्थेत नवा टीएसआर चढवणंही टाळा. मूळ प्रोग्रॅम बंद झाला की टीएसआर मेमरीच्या मधोमध लटकून राहतो.

७. रिलीजनेही जे सुटत नाही

मेमरी परत मिळाली म्हणजे मशिन पूर्ववत झालं असं नाही. रिलीजला टेबल आणि मेमरीचे तुकडे कळतात, टीएसआरने बाहेर काय काय बदललं ते कळत नाही.

*हार्डवेअर.* नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर स्वतःहून उतरताना कार्ड शांत करतो. रिलीजने उडवलात तर कार्ड चालूच राहतं, पाकिटं येत राहतात, इंटरप्ट मारत राहतं, आणि ऐकणारा कोणी नसतो. टायमरचंही असंच. सेकंदाला सुमारे १८.२ वेळा येणारी टिकटिक एखाद्या प्रोग्रॅमने वेगवान केली असेल आणि परत लावली नसेल, तर रिलीजनंतर डॉसचं घड्याळ पुढे पळायला लागतं.

*ड्राइव्हची अक्षरं.* एमएससीडीएक्स किंवा नेटवर्कचा रीडायरेक्टर (दूरच्या डिस्कला इथल्या ड्राइव्हचं अक्षर देणारा प्रोग्रॅम) डॉसच्या आतल्या तक्त्यात नवं ड्राइव्ह नोंदवतो. साध्या रिलीजनंतर ते अक्षर शिल्लक राहू शकतं, आणि त्यावर डीआयआर दिलं की मशिन अडकतं. यासाठीच मार्कनेट आणि रेलनेट आहेत. ते इंटरप्टच्या टेबलाबरोबर ड्रायव्हरची साखळी आणि डॉसची बरीच आतली स्थितीही फाइलमध्ये जपतात. नेटवर्क असेल तर हेच वापरा, साधा मार्क नको.

*वरची मेमरी.* मार्क-रिलीजच्या जुन्या आवृत्त्या पहिल्या ६४० किलोबाइटपुरतंच बघतात. टीएसआर लोडहायने वर गेला असेल तर टेबल परत येतं, तुकडा वर तसाच अडून राहतो. एक्सएमएसचीही (१ मेगाबाइटच्या पुढच्या मेमरीची) गत तीच. तुमची आवृत्ती ते सांभाळत नसेल तर टीएसआरने घेतलेली हँडलं (घेतलेल्या तुकड्यांचे क्रमांक) रीबूटपर्यंत परत येत नाहीत. हिमेम मुळात ३२ च हँडलं देतो, त्यामुळे चार-पाच वेळा चढव-उतर केल्यावर अचानक एक्सएमएस संपल्याच्या तक्रारी येऊ लागतात.

*न लिहिलेला डेटा.* डिस्कवर उशिरा लिहिणारी कॅश मार्कच्या वर कधीही ठेवू नका. स्मार्टड्राइव्ह मार्कच्या खालीच असावा. तरीही काहीही उतरवण्याआधी स्मार्टड्राइव्ह /सी द्यायची सवय लावा, त्याने बाकी राहिलेलं सगळं डिस्कवर उतरतं. कंट्रोल+ऑल्ट+डिलीटने रीबूट केलं तर स्मार्टड्राइव्ह आधी लिहून घेतो, रिसेटचं बटण दाबलं तर नाही.

विंडोज ३.१ चालू असताना त्याच्या डॉस खिडकीतून, विंडोजच्या आधी चढवलेला टीएसआर उतरवू नका. ती मेमरी सगळ्या खिडक्यांच्या वाटणीची असते. उलट एखादा टीएसआर थोड्याच वेळासाठी हवा असेल तर तो खिडकीतच चढवा. ३८६ एन्हान्स्ड मोडमध्ये खिडकी बंद झाली की तोही जातो, आणि उतरवण्याच्या सगळ्या पद्धतींत ही मला सगळ्यात स्वच्छ वाटते.

८. उतरला, तरी जागा का वाढली नाही?

मेम /सी च्या शेवटी दोन आकडे बघा: एकूण मोकळी मेमरी, आणि चालवता येईल असा सगळ्यात मोठा प्रोग्रॅम. पहिला वाढला आणि दुसरा तसाच राहिला, तर भोक पडलंय. डॉसला प्रोग्रॅमसाठी सलग जागा लागते, आणि उतरलेल्याच्या वर अजून कोणी बसलेला असेल तर ती ३० किलोबाइटची फट मोठ्या प्रोग्रॅमला उपयोगाची नाही. नंतर चढवलेला छोटा टीएसआर तिथे बसू शकतो, एवढाच फायदा.

याच कारणाने कायमचे हवे असलेले (कीबोर्ड, स्मार्टड्राइव्ह) आधी चढवा, अधूनमधून लागणारे (सीडी, नेटवर्क, माउस) नंतर.

प्रोग्रॅम निवडायला वाव असेल तर एएमआयएस हा संकेत पाळणारे बघा. राल्फ ब्राउन यांच्या या संकेतात इंटरप्ट २डीएच वापरतात, आणि प्रत्येक इंटरप्टच्या सुरुवातीला आयबीएमच्या पद्धतीचं १८ बाइटचं ठरावीक शीर्षक असतं. पुढचा पत्ता कुठे लिहिलाय हे त्यावरून बाहेरच्याला कळतं, त्यामुळे मधला दुवाही काढता येतो. अट एवढीच की त्याच्या वर बसलेल्या सगळ्यांनी तेच शीर्षक ठेवलेलं हवं. जुना, संकेत न पाळणारा एकही मधे आला की पुन्हा उलट्या क्रमावरच यावं लागतं.

९. उतरवण्याऐवजी चढवूच नका

गेमसाठी ६०० किलोबाइटच्या वर मोकळी जागा हवी असेल तर वरची खटपट न करता बूटचा मेन्यू करा. एमएस-डॉस ६ मध्ये कॉन्फिग.सिसच्या सुरुवातीला:

[मेन्यू]
मेन्यूआयटम=साधा
मेन्यूआयटम=नेट
मेन्यूडिफॉल्ट=साधा,१०

[कॉमन]
डिव्हाइस=सी:\डॉस\हिमेम.सिस
डॉस=हाय

[साधा]

[नेट]
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस
डॉस=यूएमबी

१० म्हणजे दहा सेकंद वाट बघून 'साधा' निवडायचा. ऑटोएक्झेक.बॅटमध्ये सगळ्यांना लागणाऱ्या ओळींनंतर 'गोटू %कॉन्फिग%' लिहा, खाली ':साधा', ':नेट' आणि सगळ्यात शेवटी ':शेवट' अशी लेबलं द्या, आणि 'साधा' चा भाग संपताना 'गोटू शेवट' विसरू नका. विसरलात तर साध्या बूटमध्येही नेटवर्कच्या ओळी चालतात, आणि मेन्यू बिघडलाय असं वाटत राहतं. फ्रीडॉसच्या मेन्यूची मांडणी वेगळी आहे, त्यामुळे ही नक्कल तिथे चालणार नाही.

मेन्यू बसवायच्या आधी मूळ दोन्ही फाइली फ्लॉपीवर काढून ठेवा. बूट अर्ध्यात अडकलं तर 'स्टार्टिंग एमएस-डॉस' दिसताच एफ५ दाबा, दोन्ही फाइली वगळल्या जातात. एफ८ दाबलात तर एकेक ओळ विचारून चालवली जाते, आणि नेमक्या कुठल्या ओळीवर अडतंय ते दिसतं.